शेवट सांगूं नका

महाभारताच्या शांतिपर्वांत धर्मराजानें स्त्रीजातीस एक शाप दिला आहे. कर्ण हा पांडवांचा ज्येष्ठ बंधु, ही गोष्ट कुंतीनें युद्ध संपेपर्यंत पोटांत ठेविली. पुढें ती उघड झाली तेव्हां दुःखानें आणि संतापानें धर्मराज बोलून गेला कीं, यापुढें कोणत्याहि स्त्रीच्या पोटांत गुपित म्हणून राहावयाचें नाहीं. हा मजकूर वाचतांना आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे कीं, एवढ्या विचारी पुरुषानें शापाच्या बाबतींत असा पक्षपात करावयास नको होता. चित्रपटगृहाच्या मध्यंतरांत चहाच्या टपरीपाशीं दहा मिनिटें उभें राहून पाहावें. 'मीं हा आधीं पाहिलाय, खुनी कोण तें सांगूं का?' असें विचारणारी व्यक्ति दहांतून नऊ वेळां मिशा असलेलीच निघते.

कथानकाचें रहस्य फुटूं नये म्हणून चित्रपटकर्ते काय काय खटाटोप करतात, याविषयीं गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं बरेंच वाचलें. आणि वाचतां वाचतां हा विषय वरवर दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे अशी आमची खात्री झाली. शेवट आधींच सांगून टाकण्याच्या कृत्यास हल्लींचीं मुलें 'स्पॉइलर' म्हणतात. आपल्या भाषेंत 'रसभंग' हा सुरेख शब्द शेंकडों वर्षें हात जोडून उभा असतां परक्याच्या दारीं जाण्याचें कारण नव्हतें. पण तें असो. वाचकांस एक हमी आरंभींच देऊन ठेवतों. या लेखांत अनेक नाटकांचीं आणि चित्रपटांचीं नांवें येतील, पण ज्याचें रहस्य राखण्याजोगें आहे अशा एकाहि कृतीचें रहस्य आम्ही फोडणार नाहीं. कर्णाचें फोडलें खरें. परंतु त्याची मुदत संपून निदान दोन हजार वर्षें होऊन गेलीं आहेत.

या विद्येचा सर्वांत मोठा आचार्य म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. त्याचा 'सायको' हा चित्रपट १९६० च्या जून महिन्यांत न्यूयॉर्क येथें प्रथम प्रदर्शित झाला. रॉबर्ट ब्लॉक याच्या ज्या कादंबरीवरून तो घेतला, ती आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झाली होती. हिचकॉकनें आपलें नांव पुढें येऊं न देतां मध्यस्थामार्फत तिचे हक्क अवघ्या नऊ हजार डॉलरांस घेतले. विकणाऱ्यास गिऱ्हाईक कोण याचा पत्ताच नव्हता. बाजारांत असतील तितक्या प्रती विकत घेऊन टाका, अशी आज्ञा त्यानें आपल्या मदतनीस बाईंस केली होती, असेंहि सांगतात. त्या काळीं दूरचित्रवाणीवर त्याची एक मालिका चालत असे. त्या मालिकेचीच माणसें हाताशीं घेऊन, सुमारें आठ लक्ष डॉलर खर्चांत, परक्या माणसास आंत पाऊल टाकूं न देतां त्यानें चित्रण उरकलें. एका भूमिकेसाठीं कोणत्या नटीची निवड व्हावयाची याविषयीं खोट्या बातम्या हेतुपुरस्सर बाहेर सोडण्यांत आल्या, आणि त्या भूमिकेच्या नांवाची एक खुर्चीहि चित्रणाच्या जागीं मांडून ठेविली होती. ही भूमिका कोणती, हें आम्ही लिहीत नाहीं. ज्यांनीं चित्रपट पाहिला आहे त्यांना तें कळलेंच असेल, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनीं या वाक्यावर फार विचार करूं नये.

पण खरी मौज पुढेंच आहे. त्या वेळचें अमेरिकन चित्रपटगृह म्हणजे एक धर्मशाळाच होती. सकाळपासून रात्रीपर्यंत खेळ एकामागून एक चालू असत. प्रेक्षकानें मनास येईल तेव्हां आंत शिरावें, पडद्यावर जें चाललें असेल तेथून पाहूं लागावें, आणि पुढच्या खेळांत तोच भाग पुन्हां आला म्हणजे 'आपण येथेंच आलों होतों' असें म्हणून उठावें, असा तेथील शिरस्ता होता. आपल्याकडे तीन, सहा आणि नऊ या ठरलेल्या वेळा. उशीर झालाच तर सरकारी वार्तापटाचीं चार मिनिटें बुडत, आणि डोअरकीपर बॅटरीचा झोत पायांशीं टाकून खुर्ची दाखवी. तेथें मात्र कथेचा शेवट आधीं आणि आरंभ मागाहून पाहण्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. अशा लोकांपुढें हिचकॉकनें फर्मान काढलें कीं, 'सायको' सुरू झाल्यावर कोणासहि आंत सोडूं नये. चित्रपटगृहाच्या दाराशीं त्याची स्वतःची पुठ्ठ्याची पूर्णाकृति उभी करण्यांत आली. ती हातांतल्या घड्याळाकडे बोट दाखवीत असे. ध्वनिक्षेपकांतून त्याच्याच आवाजांत प्रेक्षकांस नियम समजावून सांगितले जात. चित्रपटगृहाच्या चालकांसाठीं एक सूचनापुस्तिका छापिली होती; चित्रपट संपल्यावर अर्धा मिनिट सभागृह पूर्ण अंधारांत ठेवावें, इतका बारकावा तींत होता. कांहीं ठिकाणीं तर रांगेवर लक्ष ठेवण्यासाठीं पगारी पहारेकरी नेमिले होते. समीक्षकांना आगाऊ खेळ दाखविण्याची रीतहि त्यानें मोडली. त्यांना तिकिटवाल्या प्रेक्षकांबरोबरच बसावें लागलें. चित्रपटाची जी जाहिरात पडद्यावर दाखवीत तींत हा गृहस्थ स्वतःच वाटाड्या होऊन चित्रपटांतील जागा हिंडून दाखवितो, प्रत्येक दाराशीं थबकतो, कांहीं सांगूं लागतो आणि मध्येंच गप्प होतो. तिच्या शेवटीं जी बाई किंकाळी फोडते ती नटीसुद्धां चित्रपटांत त्या जागीं असलेली नव्हे!

चित्रपटगृहांचे मालक प्रथम घाबरले. दारांत आलेल्या गिऱ्हाइकास परत लावावयाचें म्हणजे काय? परंतु दारें बंद होतांच बाहेर रांगा लागल्या. आणि रांग पाहून रांग वाढते हा नियम तर रेशनच्या दुकानापासून देवळापर्यंत सर्वत्र खरा आहे. तेव्हां हिचकॉकनें हें सारें केवळ कलेच्या प्रेमानें केलें असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आंत कांहीं लपविलें आहे असें ओरडून सांगणें, यासारखी दुसरी जाहिरात नाहीं. १९२६ सालीं 'द बॅट' नांवाचा एक मूकपट निघाला होता. त्याच्या आरंभींच्या पाटीवरच, तुम्हांला गुपित राखतां येतें का, असा प्रश्न प्रेक्षकांस केला होता. आपल्याकडे १९६९ सालीं यश चोप्रा यांनीं 'इत्तेफाक' हा एकहि गाणें नसलेला रहस्यपट काढला, तेव्हां एका रात्रींतली ती कथा पाहून आलेले लोक ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांच्याकडे मोठ्या अर्थपूर्ण नजरेनें पाहत, असें आमचे वडील सांगत. २०१७ सालीं त्याच नांवाचा नवा चित्रपट आला, त्या वेळीं मात्र रहस्य फोडूं नका अशी निर्मात्यांनाच जाहीर विनंति करावी लागली. या विनंत्यांत एक गोम आहे. रहस्य आहे हें सांगितलें म्हणजे अर्धें रहस्य सांगून झालें. मग प्रेक्षक आरंभापासून पोलिसी नजरेनें बसतो, प्रत्येक नोकरावर संशय घेतो, आणि कथेच्या हातीं आपला हात देण्याऐवजीं तिच्या खिशांत घालूं पाहतो. आमच्या मतें ज्या रहस्याच्या अस्तित्वाचाच पत्ता नसतो तेंच खरें सुरक्षित रहस्य. पण तें राखलें याचें श्रेय कोणास मिळत नाहीं आणि तिकिटेंहि त्यामुळें खपत नाहींत.

दरवाजे बंद करण्याची ही युक्ति हिचकॉकची मूळची नव्हे. आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५५ सालच्या 'ले दियाबोलिक' या चित्रपटाच्या वेळीं हाच प्रयोग झाला होता; आणि त्याच्या शेवटीं तर पाहिलेलें मित्रांस सांगून त्यांची मजा घालवूं नका अशी पाटीच येते. हा चित्रपट बोआलो आणि नार्सजाक या जोडगोळीच्या कादंबरीवरून घेतलेला. त्याच दोघांच्या दुसऱ्या एका कादंबरीवरून हिचकॉकनें १९५८ सालीं 'व्हर्टिगो' काढला, आणि येथें आमच्या विषयाला एक अनपेक्षित वळण लागतें. मूळ कादंबरींत रहस्य अगदीं अखेरपर्यंत झांकलेलें आहे. हिचकॉकनें तें, भोंवतालच्या मंडळींस बरें वाटत नसतांहि, चित्रपटाचा तिसरा हिस्सा शिल्लक असतांनाच प्रेक्षकांपुढें उघडें करून टाकलें! नायकास तें ठाऊक नाहीं; आपणांस ठाऊक आहे. दोन वर्षांनीं ज्या माणसानें दाराशीं पहारेकरी बसविले, त्यानेंच येथें तिजोरीचें दार आपल्या हातानें सताड उघडलें.

याचा उलगडा त्यानेंच फ्रांस्वा त्रूफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाशीं १९६२ सालीं केलेल्या प्रदीर्घ संभाषणांत सांपडतो. त्याचा दृष्टांत असा. चार माणसें मेजाभोंवतीं गप्पा मारीत बसलीं आहेत आणि एकाएकीं मेजाखालीं बॉम्ब फुटतो. प्रेक्षक क्षणभर दचकतो, संपलें. आतां तोच बॉम्ब मेजाखालीं ठेवलेला प्रेक्षकांस आधीं दाखवा, भिंतीवरचें घड्याळहि दाखवा, आणि त्या चौघांना मात्र कांहीं कळूं देऊं नका. मग त्यांच्या त्याच निरर्थक गप्पा प्रेक्षकास असह्य होतात, उठून त्यांना ओरडून सांगावेंसें वाटतें. पहिल्या रीतींत धक्का पंधरा सेकंदांचा, दुसरींत हुरहूर पंधरा मिनिटांची. अर्थात् काय दडवावयाचें आणि काय दाखवावयाचें हा निर्णय कथेगणिक निराळा. पण तो घेण्याचा अधिकार कथा सांगणाराचा आहे. मध्यंतरांतल्या मिशांचा नव्हे.

हें वाचलें आणि आम्हांस आपलींच माणसें आठवलीं. उत्तररामचरितांत लव आणि कुश कोणाचे पुत्र हें आपणांस ठाऊक असतें, रामास नसतें. तीच त्या नाटकाची सारी करुणा आहे. देवलांच्या 'संशयकल्लोळा'त फाल्गुनरावाच्या घरांत वस्तुतः कांहीं एक घडलेलें नाहीं हें पहिल्या अंकापासून सगळ्या नाटकगृहास माहीत असतें, आणि माहीत असतें म्हणूनच हसूं येतें. कीर्तनकार उत्तररंगांत नळदमयंतीचें आख्यान लावतो तेव्हां पुढें बसलेल्यांत शेवट ठाऊक नाहीं असें एक मूल निघालें तर शपथ. तथापि आपल्या पूर्वजांना शेवटच्या विस्मयाची किंमत नव्हती असें कोणी म्हणूं नये. नाटकाच्या निर्वहण संधींत अद्भुत रस असलाच पाहिजे असें भरतानें नाट्यशास्त्रांत स्पष्ट सांगून ठेविलें आहे.

आमची आजी दर चातुर्मासांत 'हरिविजय' ऐके आणि दर वर्षीं ठराविक जागीं डोळ्यांस पदर लावी. तिच्यापुढें स्पॉइलर म्हणजे काय हें सांगणें अशक्यच होतें. उलट, घरांतील मंडळी तिला सिनेमास चला म्हणूं लागलीं कीं तिचा एकच प्रश्न असे : 'शेवट गोड आहे ना?' खरें उत्तर मिळाल्यावांचून ती पायांत चपला घालीत नसे. कोणी 'आतांच सांगितलं तर काय मजा?' म्हणालें, तर ती म्हणे, 'मजा तुम्हांला. मला तीन तास जीव टांगून घ्यायचा नाहीं.' आयुष्यांत तिनें पुष्कळ शेवट न विचारतां सोसले होते. तेव्हां रुपया दीड रुपया खर्चून आणखी एक विकत घेण्याची तिची तयारी नसावी. तिला शेवट सांगणाऱ्यानें रसभंग केला असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. तिनें विचारलें होतें. न विचारतां सांगणारा प्राणी निराळा.

या दोहोंमधला एक फार सुंदर तोडगा आपल्याच चित्रपटधंद्यांत होता. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचीं लहान पुस्तकें चित्रपटगृहाच्या दाराशीं विकावयास असत. आमच्या वडिलांच्या ट्रंकेंत तीं दोन-अडीचशें तरी निघालीं. प्रत्येकांत आरंभीं नटनटींचीं नांवें, मग कथासार आणि मग गाणीं. कथासार मोठें रसाळ. नायक शहरांत येतो, नायिकेची भेट होते, खलनायक डाव टाकतो, नायकावर आळ येतो, फांसाची दोरी दिसूं लागते, आणि तेथें लेखक एकदम लेखणी खालीं ठेवून, पुढें काय झालें तें रुपेरी पडद्यावरच पाहा, अशा अर्थाचें वाक्य लिहून मोकळा होतो. आम्हीं लहानपणीं पाहिलेल्या चित्रपटांपेक्षां न पाहिलेल्या चित्रपटांचींच हीं पुस्तकें अधिक वाचलीं, त्यामुळें फांसाच्या दोरीपाशीं थांबलेले कितीएक नायक आजहि आमच्या मनांत तसेच उभे आहेत. तें कथासार लिहिणारा अज्ञात लेखक बहुधा अल्प वेतनावरचा कारकून असेल. पण कोठें थांबावें हें त्यास जितकें कळत होतें तितकें आज दोन मिनिटांच्या जाहिरातपटांत सबंध कथा कोंबणाऱ्यांस कळत नाहीं.

आतां विद्वानांचें मत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेंतील लेव्हिट आणि ख्रिस्तेनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा लघुकथा घेतल्या. कांहीं वाचकांस त्या जशाच्या तशा दिल्या, कांहींस शेवट आधीं सांगून दिल्या. आणि किती आवडल्या तें विचारलें. शेवट ठाऊक असलेल्यांनाच कथा किंचित् अधिक आवडल्या असा निष्कर्ष निघाला. हें वृत्त प्रसिद्ध होतांच जगांतील तमाम गुपितफोड्यांना वेदवाक्य सांपडल्यासारखें झालें. पुढें २०१५ सालीं दुसऱ्या दोन संशोधकांना नेमका उलट अनुभव आला, ही गोष्ट मात्र त्यांच्या कानांवर गेलेली दिसत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही प्रयोग खरे धरले तरी मुद्दा शिल्लक राहतोच. चांगली कथा दोनदां वाचावयाची असते. पहिल्या वेळीं आपण कथेंतील माणसांच्या बरोबरीनें अंधारांत चालतों. दुसऱ्या वेळीं दिवा घेऊन चालतों आणि लेखकानें कोठें कोठें खुणा ठेवल्या होत्या त्या पाहून चकित होतों. दुसरें वाचन पहिल्याहून सरस असेल, नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुसरें वाचन कोणासहि केव्हांहि करतां येतें, पहिलें एकदांच. शेवट सांगणारा मनुष्य आपणांस दुसरें वाचन देत नाहीं, तें आपलें होतेंच. तो पहिलें तेवढें घेऊन जातो.

आमचा या विषयाशीं धंद्याचाहि संबंध येतो, आणि तो थोडा नाजूक आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाचा धंदाच मुळीं शेवट सांगण्याचा. परीक्षेंत 'शेवटाची योग्यायोग्यता चर्चा' असा प्रश्न हटकून येणार. त्यामुळें मुलें कथेच्या पानास बोट लावण्यापूर्वीं गाइडांतील सारांश पाठ करून वर्गांत येतात. मोपासांची हार हरवल्याची ती प्रसिद्ध कथा आम्ही आज पंचवीस वर्षें शिकवीत आलों आहों. तिच्या शेवटच्या दोन ओळी येतात तेव्हां ऐंशीं मुलांच्या वर्गांत ऐंशीं चेहरे शांत असतात. हें व्हावयाचेंच होतें, हें गाइडांत तीन गुणांच्या उत्तरांत आहे. परंतु एखाद्या वर्षीं खेड्याहून उशिरां प्रवेश घेतलेली, गाइड विकत घेण्यास पैसे नसलेली अशी एखादी मुलगी मागल्या बांकावर असते. आम्ही ती शेवटची ओळ वाचतों, आणि मागून एक श्वास आंत ओढल्याचा आवाज येतो. सगळीं मुलें वळून तिच्याकडे पाहतात. त्यांच्या नजरेंत हसूं असतें, पण आम्हीं नीट पाहिलें आहे, त्यांत थोडा हेवाहि असतो. मोपासांनें ती कथा १८८४ सालीं लिहिली. ती त्या वर्षीं, त्या वर्गांत, एकट्या त्या मुलीसाठींच घडलेली असते. तेव्हांपासून पहिल्या तासाला वर्गांत गाइडें बंद ठेवण्याचा आमचा हुकूम आहे. तो पाळला जातो किंवा नाहीं याची चौकशी आम्ही करीत नाहीं.

हुकुमानें गुपित राहत नाहीं, हें 'द माउसट्रॅप'च्या कथेवरून चांगलें दिसतें. आगाथा ख्रिस्तीचें हें नाटक लंडनमध्यें २५ नोव्हेंबर १९५२ रोजीं सुरू झालें. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें नाटकगृहें बंद झालीं तेव्हां तें थांबलें, आणि २०२१ च्या मे महिन्यांत पुन्हां सुरू झालें. लेखिकेनें आपल्याकडून बंदोबस्त चोख केला होता. नाटकाचे खेळ लंडनमध्यें चालू आहेत तोंवर, आणि ते बंद झाल्यावरहि सहा महिने, त्यावर चित्रपट काढावयाचा नाहीं अशी अट घातली. ज्या कथेवरून नाटक घेतलें ती अमेरिकेंत छापूं दिली, पण ब्रिटनमध्यें पुस्तकरूपानें येऊं दिली नाहीं. पण हे सारे झाले कागदावरचे बंदोबस्त. रोज रात्रीं नाटकगृहांतून जे शेंकडों लोक बाहेर पडतात त्यांच्या तोंडास कोण कुलूप लावणार? तेथें फक्त एवढेंच होतें कीं, पडदा पडण्यापूर्वीं एक नट पुढें येऊन, आतां तुम्हीहि या कटांत सामील झालां आहां, तेव्हां रहस्य आपल्यापाशींच ठेवा, अशी हंसतमुखानें विनंति करतो. बस्स. ना शपथ, ना दंड. आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ, एकमेकांस न ओळखणारे, निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या धर्मांचे लक्षावधि लोक ती विनंति बहुतांशीं पाळीत आले आहेत. तीहि आपण ज्याला कधीं पाहणार नाहीं अशा उद्यांच्या प्रेक्षकासाठीं. २०१० सालीं एका विश्वकोशांत खुन्याचें नांव उघड छापलें म्हणून लेखिकेच्या नातवानें खेद व्यक्त केला होता. कोशकर्त्यांचें म्हणणें, ज्ञान हें ज्ञान. असेल, पण त्या नटाच्या विनंतीस मान देऊन घरीं परतलेली माणसें आम्हांस अधिक सुसंस्कृत वाटतात.

आजकालच्या चित्रपटकर्त्यांचा मात्र माणसांवरचा विश्वास उडालेला दिसतो; त्यांना भीति बाहेरच्यांची नाहीं, घरच्यांचीच आहे. याचा आरंभ १९८० सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटापासून झाला म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांतील एक वाक्य पुढें जगप्रसिद्ध झालें. चित्रणाच्या वेळीं मात्र मुखवट्यांतील नटाच्या तोंडीं भलतेंच खोटें वाक्य दिलें होतें. खरें काय आहे हें समोरच्या तरुण नटाच्या कानांत दिग्दर्शकानें आयत्या वेळीं सांगितलें, आणि मूळ वाक्य मागाहून दुसऱ्याच नटाच्या आवाजांत भरलें. म्हणजे तें वाक्य उच्चारणाऱ्या पात्राच्या अंगीं जो देह होता त्यासच आपण काय बोललों हें ठाऊक नव्हतें! आज तर खोट्या संहिता लिहून वांटतात. २०१८ आणि २०१९ सालच्या 'ॲव्हेंजर्स' चित्रपटांत बहुतेक नटांच्या हातीं पुरती संहिता पडलीच नाहीं. आणि प्रदर्शनापूर्वीं दोन्ही वेळां दिग्दर्शकबंधूंना जगभरच्या प्रेक्षकांस अनावृत पत्र लिहून मौनाची भीक मागावी लागली. नवल नाहीं. पूर्वीं गुपित फोडणाऱ्यास टपरीपर्यंत तरी चालावें लागे. आतां खिशांतल्या यंत्रावर अंगठा फिरविला कीं पुरे. १९९२ सालच्या 'द क्राइंग गेम'चें रहस्य समीक्षकांनीं महिनोन्महिने इमानानें संभाळलें, आणि शेवटीं ऑस्करच्या नामनिर्देशनांच्या यादींतील एका निरुपद्रवी ओळीनें तें चाणाक्षांना सांगून टाकलें. कोणत्या, तें अर्थातच आम्ही सांगत नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींतील गोष्ट. आमची कन्या महाविद्यालयांत शास्त्रशाखेस आहे. एके रात्रीं जेवतांना ती म्हणाली, 'बाबा, तो सायको म्हणून जुना पिक्चर आहे ना, तो बघण्यासारखा आहे का?' तिला कांहींच ठाऊक नव्हतें! सांठांहून अधिक वर्षें पुस्तकांतून, विडंबनांतून, चहाच्या कपांवरच्या चित्रांतून उधळलेलें गुपित आमच्या घरांतील एका ताटापाशीं मात्र शाबूत होतें. आम्हां उभयतांनीं तो विद्यार्थिदशेंत एका फिल्म सोसायटींत पाहिला होता. आमच्या सौभाग्यवती वाटींत आमटी वाढीत होत्या. त्यांची पळी जागच्या जागीं थांबली आणि त्यांनीं आमच्याकडे पाहिलें.

'आहे कीं,' आम्ही म्हणालों.

'कशावर आहे?'

'एक मुलगी कचेरींतले पैसे घेऊन पळते.'

'एवढंच?'

'एवढंच.'

'मग त्याचं एवढं काय?' असें म्हणून तिनें सौभाग्यवतींकडे पाहिलें. 'आई, तूं पाहिलायस?'

'फार वर्षं झालीं. आठवत नाहीं नीट,' असें सांगून त्या ताक आणण्यास आंत गेल्या. ज्या बाईला आमच्या लग्नांतील आहेरांची यादी अजून तोंडपाठ आहे तिनें हें सांगितलें. धर्मराज तेथें असता तर त्यानें शाप परत घेतला असता.

त्या रात्रीं दिवाणखान्यांत तिघेंहि बसलों. कन्येचा फोन सौभाग्यवतींनीं कांहींतरी निमित्त काढून स्वयंपाकघरांत नेऊन ठेविला. दिवा मालवला. ती पडद्याकडे पाहत होती, मधून मधून 'किती स्लो आहे हा' असें म्हणत चिवड्यांतले शेंगदाणे निवडून खात होती. आम्ही दोघें पडद्याकडे न पाहतां तिच्याकडेच पाहत होतों. पाऊण तास होत आला तेव्हां अंधारांत सौभाग्यवतींनीं आमचें मनगट घट्ट धरलें.